आडनावातला पत्ता

गोव्यात नार्वे नावाची दोन गावं आहेत आणि ती एकमेकांच्या समोरासमोर आहेत. मधून नदी वाहते. एक नार्वे दिवाडी बेटावर, तिसवाडी तालुक्यात. दुसरं पैलतीरावर, डिचोली तालुक्यात. फेरीबोटीत बसलं की काही मिनिटांत एका नार्व्यातून दुसऱ्या नार्व्यात जाता येतं. मूळचं गाव बेटावरचं. पलीकडच्या काठाला पूर्वी हिंदळे म्हणत, असं सांगतात. सोळाव्या शतकात देव नदी ओलांडून त्या काठावर आला आणि येताना गावाचं नावही सोबत घेऊन आला.

त्यामुळे सुट्ट्यांच्या दिवसांत मुंबई-पुण्याकडून, बेळगावकडून, कधी मंगळुरूकडून आलेल्या गाड्या या भागात हमखास चुकतात. गाडीत आजी असते, तिचा मुलगा-सून असतात, मागच्या सीटवर मोबाइलमध्ये डोकं खुपसलेली नातवंडं असतात आणि डिकीत पिशवीभर नारळ, खण, साडी. समुद्रकिनारा बघायला आलेली ही मंडळी नसतात. ती आपलं हरवलेलं कुलदैवत शोधायला निघालेली असतात.

शोधाला सुरुवात बहुधा घरातल्या एखाद्या कार्यामुळे होते. लग्न ठरतं, पत्रिका छापायला टाकायची वेळ येते आणि छापखानेवाला विचारतो, "वर कोणाचं नाव घालायचं?" श्रीगणेश आणि ग्रामदैवत सांगून होतं, कुलदैवतापाशी घोडं अडतं. पणजोबा मुंबईला गिरणीत आले, आजोबा चाळीतच वाढले, वडिलांनी गाव पाहिलंच नाही. घरात शिल्लक असते ती एखादी ओळ: "आपला देव गोव्याचा, नदीच्या काठी आहे." एवढ्या भांडवलावर पाच-साडेपाचशे किलोमीटरचा प्रवास सुरू होतो.

चारशे वर्षांपूर्वीचा उलटा प्रवास

ही कुटुंबं आज ज्या दिशेनं येतात, तिच्या नेमकं उलट त्यांचे देव आणि पूर्वज एकेकाळी गेले. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली. १५४३ मध्ये सासष्टी आणि बारदेश त्यांच्या हाती आले. १५४० पासून आधी तिसवाडीत आणि मग इतर महालांत देवळं पाडण्याचा सपाटा सुरू झाला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, बसलं. मधला काही काळ सोडला तर ते १८१२ पर्यंत चाललं.

पण पोर्तुगिजांची हद्द तेव्हा लहान होती. मांडवीच्या उत्तरेला डिचोली आणि जुवारी-मांडवीच्या मधल्या भागात फोंडा, हा मुलूख आदिलशाहीत होता. नदीच्या या काठावर देऊळ पाडलं जात होतं आणि त्या काठावर घंटा वाजवायला मोकळीक होती. मग लोकांनी जे करायचं तेच केलं. रात्रीच्या अंधारात देव होडीत घातले आणि नदी पार केली.

कुठ्ठाळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला, सांकवाळचा नरसिंह वेलिंगला आणि मडगावचा दामोदर जांबावलीला गेला. आज फोंडा तालुक्यात एकाला लागून एक मोठी देवळं दिसतात आणि पर्यटक म्हणतात, "काय ही भाविकता!" खरं तर ही निर्वासितांची वस्ती आहे.

फोंड्याचं नाव मोठं झालं, डिचोलीचं तितकं झालं नाही. पण दिवाडी आणि चोडण या बेटांवरून निघालेल्या देवांचा पहिला मुक्काम डिचोली तालुक्यातच पडला, कारण ती बेटं याच काठाला जवळ होती. चोडणची देवकी-कृष्ण ही जोडी आधी मयेला आली आणि तिथून पुढे माशेलला गेली. आई आणि बाळ एकाच मूर्तीत पुजणारी अशी देवळं फारशी नाहीत. माशेलच्या त्या देवळासमोर आषाढात चिखलकाला होतो आणि चिखलात लोळणाऱ्यांत कितीतरी जण बाहेरगावाहून त्या एका दिवसासाठी आलेले असतात. दिवाडीचा गणपती खांडेपार, मग नार्वे, मग खांडोळा असा फिरत राहिला. या सगळ्यांत डिचोलीत आला आणि डिचोलीचाच झाला तो सप्तकोटीश्वर.

विहिरीवरचा देव

सप्तकोटीश्वर हा गोव्याच्या कदंब राजांचा देव. आपल्याला सप्तकोटीश्वराचा वर लाभला आहे, असं हे राजे अभिमानानं सोन्याच्या नाण्यांवर कोरून घेत. गोव्यात आज ज्या सरकारी बसगाड्या धावतात त्यांना 'कदंब' म्हणतात ते याच घराण्याच्या नावावरून. म्हणजे शोधाला निघालेल्या गाडीला वाटेत दहा वेळा ओव्हरटेक करणारी बस त्याच देवाच्या भक्तांचं नाव मिरवत असते.

दिवाडीवरचं त्याचं देऊळ एकदा नव्हे, दोनदा पडलं. पहिल्यांदा चौदाव्या शतकात, बहमनी आक्रमणात. तेव्हा लिंग शेताच्या बांधात पुरून लपवलं गेलं, असं परंपरा सांगते. विजयनगरचा मंत्री माधव यानं चौदाव्या शतकाच्या अखेरीस गोवा परत घेतला आणि देव पुन्हा गाभाऱ्यात बसवला. दुसऱ्यांदा पोर्तुगिजांनी देऊळ पाडलं, आणि त्या वेळची गोष्ट डिचोलीत अजून सांगितली जाते. लिंग धारालिंग होतं, म्हणजे उभ्या कडा पाडलेलं, घोटीव. ते विहिरीवर पाणी ओढायच्या रहाटाला आधार म्हणून बसवलं गेलं. ज्या दगडावर दुधाची धार धरायची, त्याच्यावरून आता दोर घासत होता.

डिचोलीचे नारायण शेणवी सूर्यराव सरदेसाई यांनी माणसं पाठवून ते लिंग तिथून काढून आणवलं आणि नदीच्या अलीकडे, डिचोलीतल्या नार्व्यात, त्याची स्थापना केली, अशी परंपरा आहे. हरवलेली वस्तू परत आणायला घरच्या माणसांनी केलेला हा प्रवास फार तर काही मैलांचा असेल; पण पलीकडच्या काठावर राज्य वेगळं होतं आणि पकडलं गेल्यास शिक्षा काय, हे सगळ्यांना माहीत होतं.

पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराज या भागात आले तेव्हा त्यांनी इथल्या देवळाच्या उभारणीची आज्ञा दिली. त्याचा शिलालेख देवळाच्या दारावर आजही आहे. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, आणि शिवराजाच्या आज्ञेनं कामाला प्रारंभ, एवढाच त्याचा आशय. ना स्तुती, ना बिरुदं. कंत्राटदाराच्या पाटीइतका कोरडा आणि म्हणूनच विश्वास बसावा असा. गोवा सरकारनं केलेल्या जीर्णोद्धारानंतर ११ फेब्रुवारी २०२३ रोजी देऊळ पुन्हा लोकांसाठी खुलं झालं.

देऊळ भव्य नाही. डोंगराच्या कुशीत, गर्द झाडीत, उतरतं छप्पर, वर घुमट, समोर दीपस्तंभ, शेजारी काळभैरव. फोंड्याची झगमगती देवळं बघून आलेली नातवंडं इथं विचारतात, "एवढंच?" आजीला मात्र ते एवढंच असलेलं बरं वाटतं. तिच्या ऐकीवात असलेला देव नदीच्या काठचाच होता.

गाव एक, देव दुसरीकडे

शोधाला निघालेली कुटुंबं सर्वांत जास्त कुठे चुकत असतील तर ती इथं: गाव आणि देव एकाच जागी असणार, असं ती गृहीत धरतात. आडनाव 'कर' प्रत्ययाचं असलं की गाव कळलं असं वाटतं. गाडी त्या गावात जाते. तिथं चर्च असतं, भातशेती असते, एखादं तळं असतं, देऊळ नसतं. कारण देव चारशे वर्षांपूर्वीच तालुका बदलून गेलेला असतो.

त्यात नावांचे घोटाळे. केळशी म्हटलं की महाराष्ट्रातला माणूस दापोलीजवळच्या केळशीला पोचतो. तिथं महालक्ष्मी आहे. गोव्यातली केळशी वेगळी, तिची शांतादुर्गा कवळ्यात. म्हाळसा वेर्ण्याहून हलली तेव्हा म्हार्दोळ हे नावही तिच्याबरोबर फोंड्यात गेलं, म्हणून जुन्या जागेला आता 'जुनं म्हार्दोळ' म्हणावं लागतं. तिथं अलीकडच्या काळात पुन्हा देऊळ उभं राहिलं आहे, तेव्हा म्हाळसेच्या भक्तांनी दोन्हीकडे जायचं की एकीकडे, हा नवा प्रश्न.

वर नकाशा रोमी लिपीतला आणि पोर्तुगीज वळणाचा. डिचोलीचं 'बिचोलिम', कुठ्ठाळीचं 'कोर्तालिम', चोडणचं 'शोरांव', माशेलचं 'मार्सेल', नार्व्याचं 'नारोआ'. स्थानिक माणूस तर कोकणीत डिचोलीला दिवचल म्हणतो. ज्यानं घरात फक्त 'मये' ऐकलं आहे त्याला 'मायेम' लिहिलेली पाटी दिसूनही कळत नाही. अशा वेळी मोबाइल खाली ठेवून टपरीवर चहा घेणं जास्त उपयोगी ठरतं. "नार्व्याला जायचंय" म्हटलं की चहावाला आधी विचारतो, "खंयच्या? देवाच्या?" आणि गाडी योग्य काठावर राहते.

जुन्या कागदांत आडनावांचीही तीच गत. प्रभूंचं 'पोरोब' झालं, शेणव्यांचं 'सिनाय', कामतांचं 'कामोतिम', केण्यांचं 'केनिम'. एखाद्या घरात पणजोबांचा पोर्तुगीज दाखला सापडतो आणि हा कोण परका माणूस म्हणून तो बाजूला ठेवला जातो. तोच खरा धागा असतो.

महाजन, कुळावी आणि एक जाडजूड वही

गोव्यातल्या देवळांची एक वेगळी रचना आहे आणि ती समजली की शोध निम्मा सोपा होतो. ज्या घराण्यांनी देऊळ स्थापलं किंवा सांभाळलं त्यांचे वंशज म्हणजे महाजन. देवस्थानाचा कारभार त्यांच्याकडे. ज्यांचं हे कुलदैवत आहे, पण कारभारात हक्क नाही, ते कुळावी. महाजनांच्या संस्थेला पोर्तुगीज कागदांत 'मजानी' म्हणत, आणि तिचे नियम १९३३ मध्ये कायद्यानं बांधले गेले. गोवा मुक्त होऊन इतकी वर्षं झाली तरी देवस्थानांचा कारभार त्याच चौकटीत चालतो आणि तालुक्याचा मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो.

या नियमांमुळे एक चांगली गोष्ट घडली. महाजनांची यादी ठेवावी लागली. तिला 'कातालोग' म्हणतात. देवळाच्या कचेरीत कापडी पुठ्ठ्याच्या वहीत ती असते आणि तिच्यात बापापासून मुलापर्यंत नावं उतरलेली असतात. आलेल्या कुटुंबानं आडनाव, गोत्र, मूळ गाव आणि आजोबा-पणजोबांची नावं सांगितली की कारकून चष्मा पुसून पानं उलटू लागतो. कधी दहा मिनिटांत नाव सापडतं. कधी दोन पिढ्यांचा दुवा गळालेला असतो आणि शेजारच्या देवळात चौकशी करा म्हणून सांगितलं जातं.

ही वही सगळ्यांची नाही, हेही खरं. बहुतेक ठिकाणी महाजनपण वडिलांकडून मुलाकडे जातं, लेकी तिच्यात नसतात. आणि कितीतरी समाजांचा देव असल्या कचेरीच्या वहीत कधी नव्हताच; तो वारुळात होता, राईत होता, गावच्या सीमेवर होता. डिचोली तालुक्यातल्या शिरगावच्या लईराईकडे जाणाऱ्या धोंडांना, म्हणजे तिच्या व्रतस्थ भक्तांना, पत्ता शोधावा लागला नाही. त्यांची देवी हललीच नाही. वैशाखात हजारो माणसं व्रत धरून, हातात वेताची काठी घेऊन येतात आणि पहाटे निखाऱ्यांवरून चालतात. म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रिस सायबिणीला लईराईची बहीण मानतात आणि दोघींमध्ये तेल आणि मोगरा यांची देवाणघेवाण चालते.

पाकळीचा निकाल

कागदानं भागलं नाही की शेवटचा उपाय कौलाचा. गोव्यात त्याला प्रसाद घेणं म्हणतात. पुजारी देवाच्या अंगावर ठरलेल्या जागी ओल्या पाकळ्या चिकटवतो, नारळ ठेवतो आणि गाऱ्हाणं घालतो: अमुक कुळाची लेकरं लांबून आली आहेत, ती तुझी असतील तर उजवी दे. मग सगळे गप्प. समईची वात तडतडते तेवढाच आवाज. पाकळी सुकायला लागते, कडेनं सुटते, लोंबते. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण गाभाऱ्यासमोर त्या पंधरा-वीस मिनिटांत काय होतं ते बघण्यासारखं असतं. इतका वेळ 'कधी निघायचं' विचारणारा नातूही मोबाइल खिशात घालून पाकळीकडे टक लावून असतो. पाकळी उजवी पडली की आजीच्या डोळ्यांत पाणी येतं, सुनेच्या हातून ओटी भरली जाते, आणि पुजारी सहज विचारतो, "जेवण अग्रशाळेत सांगूं?" अग्रशाळा म्हणजे देवळाच्या आवारातली उतरण्याची जागा. लांबून येणाऱ्या कुळाव्यांसाठीच ती बांधलेली असते. ते परत येणार हे देवळांनी गृहीतच धरलेलं आहे.

मंत्र्यापासून मसाल्याच्या व्यापाऱ्यापर्यंत

असे परतीचे प्रवास आजचे नाहीत. वेंगुर्ल्याजवळच्या कोचरे गावचे नारोराम रेगे साताऱ्याला छत्रपती शाहूंच्या दरबारात मंत्री झाले. मोठं पद मिळालेल्या या माणसाला आठवली ती कुलदेवी. कवळ्याच्या शांतादुर्गेचं आजचं देऊळ १७३८ च्या सुमारास उभं राहिलं ते त्यांच्या पुढाकारानं, आणि कवळे गाव शाहूंकडून देवीला मिळालं तेही त्यांच्याच खटपटीनं.

दुसरी वाट दक्षिणेची. सासष्टीतून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं होन्नावर, मंगळूर करत कोचीपर्यंत गेली. तिथं व्यापारात शिरली, स्वतःचं तिरुमल देवस्वम हे देऊळ उभारलं. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडच्या 'होर्तुस मालाबारिकुस' या वनस्पतिग्रंथात रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट या तिघांचा १६७५ चा नागरी लिपीतला कोकणी दाखला छापलेला आहे. गाव सुटून शंभर वर्षं झाली तरी भाषा आणि लिपी सुटली नव्हती. त्या कुटुंबांचे आजचे पै, शेणॉय, कामत मल्याळम किंवा कन्नड बोलत बसनं येतात आणि म्हार्दोळच्या, मंगेशीच्या राजांगणात पुजाऱ्याशी कोकणीत बोलतात.

कुंकळ्ळीला तर हा प्रवास देवीच करते. तिथली शांतादुर्गा फातर्प्याला गेली. दरवर्षी फाल्गुनात ती वाजतगाजत जुन्या गावी येते. सोबत बारा छत्र्या असतात, गावच्या बारा वांगडांच्या. त्या घराण्यांपैकी ख्रिस्ती झालेल्यांचाही त्यात मान आहे.

ख्रिस्ती गोवेकरांचा शोध वेगळ्या दारातून चालतो. लंडन, लिस्बन, टोरांटोहून आलेली कुटुंबं बाप्तिस्म्याच्या नोंदी मागतात. पणजीच्या पुराभिलेखागाराची सुरुवात १५९५ ची. त्याचे पहिले रखवालदार इतिहासकार दिओगो दो कुतो. ज्यांच्या राजवटीनं देव पळवून लावले, त्यांच्याच कागदांत कुठल्या गावात कोण राहत होतं ते सापडतं. कुणाला त्यातून पोर्तुगीज पासपोर्ट हवा असतो, कुणाला फक्त पणजीचं नाव.

आता वाट सोपी झाली आहे. पेडण्यात मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून चालू झाला. सकाळी पुण्याहून निघालेलं कुटुंब दुपारच्या आरतीला डिचोलीत पोचू शकतं. तरी बरेच जण गाडीनंच येतात. बांद्याहून दोडामार्गमार्गे किंवा बेळगावहून चोर्ला घाटानं. आजीला विमानात नारळ नेता येतील की नाही, याची खात्री नसते.

गोकुळाष्टमीला नार्व्यात मोठी गर्दी असते. इथल्या नदीला पंचगंगा म्हणतात; तिच्या पात्रात स्नान करायला लांबून लोक येतात, देवळापासून नदीपर्यंत माणसांची रांग लागते. स्नान करणाऱ्यांची तोंडं पलीकडे, दिवाडीकडे असतात. इतर दिवशी तिथं शांतता. दर्शन झालं की काही कुटुंबं धक्क्यावर येऊन थांबतात. फेरीबोट येते, लोखंडी फळी काँक्रीटवर आदळते, दोन स्कूटर आणि मासळीची एक टोपली उतरते. गाडी आत चढते. पलीकडे उतरून थोडं आत गेलं की झाडीत सप्तकोटीश्वराच्या जुन्या देवळाचं कोटितीर्थाचं तळं आहे, पायऱ्यांवर शेवाळ, आजूबाजूला विखुरलेले चिरे. पाटीवर गावाचं नाव वाचून मागच्या सीटवरचा नातू ओरडतो, "आजी, आपण परत तिथंच आलो!"